पिक्सेल हा खर्च आहे, कमाई नव्हे

शुक्रवारी रात्री हिंजवडीतून ट्रॅव्हल्समध्ये बसायचं, सकाळी वाशिमला उतरायचं, दोन दिवस आईच्या हातचं जेवायचं आणि रविवारी रात्री परत. दर दोन महिन्यांनी आपलं हे ठरलेलं. या वेळी मात्र शनिवारी दुपारीच मंगरूळपीर तालुक्यातल्या मामांच्या गावी जावं लागलं. मामींचा फोन आला होता. "पोरगा लॅपटॉप विकतो म्हन्ते. तू येऊन पाह्य जरा."

लॅपटॉप दिवाळीत घेतलेला. मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, त्यासाठी मामांनी पंच्याहत्तर हजार मोजले. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे हमीभाव मिळाला असं धरलं (धरायला काय जातंय!) तरी चौदा क्विंटल सोयाबीन त्या एका डब्यात गेलं. आणि या खरेदीत माझाही हात आहे. दुकानात उभं राहून मामांनी मला फोन केला होता. मी मीटिंगमध्ये. "बापू, स्क्रीन टू पॉईंट एट के हाय म्हन्ते. चांगली असते का?" मी दहा सेकंदांत सांगून टाकलं, "हो मामा, एकदम भारी असते. घ्या." ग्राफिक्स काय आहे, रॅम किती, पोराला काय करायचंय... काही म्हणजे काहीच विचारलं नाही. तेव्हा या लेखात जो राग दिसेल त्यातला थोडा माझ्यावरचाही आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तर पोरानं जीटीए फाइव्ह सुरू करून दाखवला. गाडी वळवली की वळायला अर्धा सेकंद. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा: १४, १६, १३. "दादा, थो दुकानवाला म्हने का गेमिंगले एकदम भारी हाय. खराब पीस देला त्यायनं." दोन महिने त्यानं हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं. बापाचे पैसे आपण पाण्यात घातले असं त्याच्या डोक्यात बसलेलं. कॉलेजमधलाच कोणी चाळीस हजारांत घ्यायला तयार होता, आणि हा द्यायला निघाला होता.

पीस खराब नव्हता. मी सेटिंग उघडलं. रिझोल्यूशन: २८८० बाय १८००. पहिल्यांदा सुरू होताना गेमनं स्क्रीनचं पूर्ण रिझोल्यूशन आपणहून उचललं होतं, आणि ते बदलायचं असतं हे पोराला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "१४४० बाय ९०० कर." त्याचा चेहराच पडला. "म्हंजे टू पॉईंट एट केचे पैसे भरून अर्धंच वापराचं?"

अर्धं पण नाही रे बाबा, पाव. आणि याच वाक्यासाठी आजचा लेख आहे.

आधी हिशोब करू, मग भांडू. १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन, जिच्यावर आमच्या आख्ख्या हॉस्टेलनं इंजिनिअरिंग काढलं, तिच्यात साधारण साडेदहा लाख पिक्सेल असतात. फुल एचडीत वीस लाख त्र्याहत्तर हजार. २८८० बाय १८०० मध्ये एक्कावन्न लाख चौऱ्याऐंशी हजार. म्हणजे आमच्या हॉस्टेलच्या स्क्रीनच्या जवळपास पाचपट. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर ग्राफिक्स चिपला दर सेकंदाला एकतीस कोटींहून जास्त पिक्सेल रंगवावे लागतात. त्यातही सावल्या, काच, पाणी, धूर आला की एकाच पिक्सेलवर कैक वेळा हात फिरवावा लागतो. आणि एका फ्रेमसाठी वेळ किती? साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास.

हे काम करणार कोण? तर प्रोसेसरच्याच पोटातली चिप. तिला स्वतःची मेमरी नाही, प्रोसेसर ज्या रॅममधून खातो त्याच ताटात ती जेवते. तिला स्वतंत्र वीज नाही, दोघांत मिळून तीस-चाळीस वॅट. वर आपल्याकडचा मे महिना. पंख्याखालीसुद्धा लॅपटॉप हाताला चटके देतो, आणि चिप तापली की जीव वाचवायला आपला वेग स्वतःच कमी करते.

आता मला सांगा, दुकानात लावलेल्या त्या चकचकीत स्टिकरवर यातलं काय लिहिलेलं असतं? "२.८ के" हे मोठ्या अक्षरात. ग्राफिक्स मात्र तळाशी, मुंगीएवढ्या टायपात. आणि "२.८ के" हा आकडा असा मिरवतात, की जणू ती लॅपटॉपची ताकद आहे. अहो, ती ताकद नाहीये, ती मागणी आहे! प्रत्येक पिक्सेल हा दर फ्रेमला येणारा खर्च आहे आणि तो भागवायचा ग्राफिक्स चिपनं. घरात खाणारी तोंडं पाच झाली म्हणून मिळकत पाचपट झाली, असं कोणी म्हणत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत म्हणतात, आणि आपण शिकली-सवरलेली माणसं फोनवर "भारी असते, घ्या" म्हणून मोकळे होतो.

मामा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांना मी पिक्सेल वगैरे सांगायच्या भानगडीत पडलो नाही. म्हटलं, "मामा, विहिरीत पाणी तीन एकराचं आणि हरभरा पेरला बारा एकर, तसं झालंय." त्यावर ते एवढंच म्हणाले, "मंग तीनच एकर पेराचं ना. बाकीचं वावर कुठी पळून चाल्लं?"

झालं. मला दोन हजार शब्द लागणार आहेत, मामांनी दोन वाक्यांत निकाल लावला.

पण आमच्या शहरातल्या शहाण्यांना हे पटत नाही. ऑफिसात एक मित्र आहे. त्याचं ठाम मत, "नेटिव्ह रिझोल्यूशनच्या खाली खेळायचं असेल तर खेळूच नये." घरी त्याचा मोठा डेस्कटॉप आहे, त्यात नुसतं ग्राफिक्स कार्ड ४५० वॅटचं. मामांच्या पोराच्या आख्ख्या लॅपटॉपला लागते त्याच्या दहापट वीज. ठीक आहे, हौसेला मोल नाही, माझी काही तक्रार नाही. पण हा मित्र खेळतो कसा ते बघा. फोर के स्क्रीन, आणि गेममध्ये डीएलएसएस चालू, परफॉर्मन्स मोडवर. या मोडमध्ये कार्ड चित्र काढतं १९२० बाय १०८० चं, आणि मग ते ताणून ३८४० बाय २१६० चं करतं. फोर केचे पिक्सेल ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार, फुल एचडीचे वीस लाख त्र्याहत्तर हजार. करा भागाकार.

बरोब्बर पाव!

म्हणजे ४५० वॅटचं कार्ड पाव पिक्सेल रंगवतं तेव्हा ते तंत्रज्ञान, आणि मंगरूळपीरचं पोरगं पाव पिक्सेलवर खेळलं की ती गरिबी? हा कुठला न्याय राव? डीएलएसएस नुसतं ताणत नाही, आधीच्या फ्रेम आणि हालचालीची माहिती वापरून तपशील भरून काढतं, आणि त्याचं चित्र साध्या ताणण्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. हे मान्यच आहे. पण तत्त्व एकच ना? जेवढं झेपतं तेवढं काढा, बाकी वाढवून घ्या. आणि ही विद्या आता फक्त श्रीमंतांच्या घरची राहिलेली नाही. एएमडीनं २०२१ मध्ये एफएसआरची पहिली आवृत्ती आणली, ती कोणत्याही कंपनीच्या चिपवर चालते, आणि तिचा सोर्स कोडही खुला केला. इंटेलनं २०२२ मध्ये एक्सईएसएस आणलं. ज्या गेममध्ये यातलं काही असेल तिथे ते बेलाशक लावा, कोणाला विचारायला जाऊ नका.

थोडा इतिहासही बघू, म्हणजे नेटिव्हचा हा सोवळेपणा किती नवा आहे ते कळेल. मी शाळेत असताना सायबर कॅफेतल्या जाड्या, पाठीमागे कुबड असलेल्या मॉनिटरवर काउंटर स्ट्राइक १.६ चालायचा, ६४० बाय ४८० वर. तीन लाख सात हजार पिक्सेल. त्या पिक्चर ट्यूबला एलसीडीसारखी पिक्सेलची पक्की चौकट नसायची, त्यामुळे रिझोल्यूशन कमी केलं तरी चित्र फिसकटल्यासारखं दिसत नसे. एलसीडी आली तेव्हा पिक्सेल जागेवर चिकटले आणि "नेटिव्ह" हा शब्द आपल्या बोलण्यात आला. जीटीए फाइव्हचंच घ्या. २०१३ साली तो आला आणि जग वेडं झालं, तेव्हा पीएस थ्री आणि एक्सबॉक्स ३६० वर तो ७२० पीमध्येच चालत होता. तेव्हा कोणी म्हटलं नाही की हे काय खेळणं आहे.

आपल्या पुण्याचं उदाहरण घ्या. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओनं 'राजी : ॲन एन्शंट एपिक' नावाचा गेम बनवला. आपल्या मातीतला, देखणा गेम. २०२० मध्ये तो सगळ्यात आधी आला निन्टेन्डो स्विचवर. स्विचची स्वतःची स्क्रीन किती? १२८० बाय ७२०. सव्वानऊ लाख पिक्सेल! आमच्या हॉस्टेलच्या स्क्रीनपेक्षाही कमी.

आणि स्टीम डेक. व्हॉल्व्हनं २०२२ मध्ये हातात धरून खेळायचं हे यंत्र काढलं, स्क्रीन १२८० बाय ८००. २०२३ मध्ये त्याचं ओलेड मॉडेल आलं. स्क्रीन जराशी मोठी केली, रंग सुधारले, ६० ऐवजी ९० हर्ट्झ दिले. आणि पिक्सेल? तेच, १२८० बाय ८००. दहा लाख चोवीस हजार. वाढवायची संधी समोर होती आणि त्यांनी वाढवले नाहीत, कारण आत बसलेली चिप किती पिक्सेल पोसू शकते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. याला म्हणतात अंथरूण पाहून पाय पसरणं. लॅपटॉपवाले मात्र पाय पसरून घेतात आणि अंथरूण आणायला गिऱ्हाईकाला पाठवतात.

ही खोडही जुनीच. ॲपलनं २०१२ च्या ऑक्टोबरात तेरा इंची रेटिना मॅकबुक प्रो काढला. २५६० बाय १६०० ची स्क्रीन, जवळपास एक्केचाळीस लाख पिक्सेल, आणि ते ओढायला इंटेल एचडी ४०००, प्रोसेसरच्या पोटातलीच चिप. अक्षरं वाचायला ती स्क्रीन स्वर्ग होती यात वाद नाही. पण आकड्यांची शर्यत लागली ती लागलीच.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणं म्हणजे मीही त्या स्टिकरसारखंच वागणं झालं. मोठ्या रिझोल्यूशनची स्क्रीन वाईट नसते. मराठी वाचणाऱ्याला तर ती वरदान आहे. रफार, वेलांट्या, 'द्ध' आणि 'ष्ट्र' सारखी जोडाक्षरं जुन्या स्क्रीनवर लहान टायपात नुसती काळी गिचमिड दिसायची. चौदा इंचांत २८८० बाय १८०० म्हणजे इंचाला २४० च्या वर पिक्सेल, त्यावर तीच अक्षरं छापल्यासारखी उमटतात. पोरानं त्यावर चार वर्षं पीडीएफ वाचायच्यात, कोड लिहायचाय. त्यासाठी स्क्रीन पूर्ण रिझोल्यूशनवरच ठेवावी. माझं भांडण फक्त गेमपुरतं आहे.

दुसरं, पाव पिक्सेल केले म्हणजे फ्रेम चौपट होतात असं नाही. गर्दीतल्या माणसांचं डोकं चालवणं, गाड्यांची हालचाल, ही प्रोसेसरची कामं रिझोल्यूशनवर अवलंबून नसतात. तिसरं, कुठलंही कमी रिझोल्यूशन धरून चालत नाही. या स्क्रीनवर १९२० बाय १२०० लावलं तर एका पिक्सेलला दीड पिक्सेलची जागा येते. दीड पिक्सेल तर काही पेटत नाही, मग शेजाऱ्याशी रंग मिसळून चित्र पुसट होतं. १४४० बाय ९०० मात्र दोन्ही बाजूंनी बरोब्बर निम्मं. एका पिक्सेलच्या जागी दोन बाय दोनचा चौकोन, उरलंसुरलं काही नाही. इंटेलनं २०१९ पासून नव्या चिपांच्या ड्रायव्हरमध्ये यासाठी इंटिजर स्केलिंगची सोय दिली आहे, ती चालू करायची. आणि हे निम्मं म्हणजे तरी किती? चौदा इंचात १४४० बाय ९०० म्हणजे इंचाला १२१ पिक्सेल. आमच्या साडेपंधरा इंची हॉस्टेल लॅपटॉपवर होते शंभर. म्हणजे पोराचं "पाव"सुद्धा आमच्या "पूर्ण"पेक्षा बारीक विणीचं आहे! ज्या गेममध्ये रेंडर स्केल वेगळं देता येतं तिथे तर आणखी बरं. खेळातलं जग ५० टक्क्यांवर काढायचं आणि अक्षरं, नकाशा, मेनू पूर्ण रिझोल्यूशनवर ठेवायचे.

हे सगळं केल्यावर पोराच्या गेममध्ये आकडा गेला ३५ च्या आसपास. खेळण्याजोगा, पण मला अजून काहीतरी खटकत होतं. चिपचं नाव आयरिस एक्सई असायला हवं होतं, टास्क मॅनेजर दाखवत होता यूएचडी ग्राफिक्स. मग ट्यूब पेटली. आत ८ जीबी रॅम, तीही एकाच चॅनेलवर. दुसरा स्लॉट रिकामा. आयरिस एक्सईला दोन चॅनेल मिळाले नाहीत तर ती चिप आयरिस एक्सई म्हणून चालतच नाही, यूएचडी म्हणून चालते. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनेलमधून सेकंदाला २५.६ जीबी जातात, दोनातून ५१.२. म्हणजे विहिरीत पाणी होतं, पण निम्मा पाइपच बसवला नव्हता. हे स्टिकरवर कोण लिहिणार? एकावन्न लाख पिक्सेलची स्क्रीन बसवायची आणि त्या पिक्सेलांना पाणी पाजायचा अर्धा रस्ता बंद ठेवून विकायचा. गिऱ्हाईकाला पिक्सेल मोजता येतात, चॅनेल मोजता येत नाहीत, एवढंच यामागचं गणित.

रविवारी सकाळी पोराला घेऊन वाशिमला आलो. माझ्या जुन्या लॅपटॉपमधली ८ जीबीची पट्टी घरीच पडून होती. मागचे स्क्रू काढले, पट्टी बसवली, सुरू केलं. टास्क मॅनेजरमध्ये नाव आलं: आयरिस एक्सई. पोरगं त्या नावाकडेच बघत बसलं. गेम पन्नासच्या वर गेला. मी त्याला ४५ वर बांधून टाकला. स्क्रीन ९० हर्ट्झची आहे, ४५ ला प्रत्येक फ्रेम बरोब्बर दोनदा दिसते, हालचाल एकसारखी राहते. ६० नं ९० ला भाग जात नाही, काही फ्रेम एकदा, काही दोनदा, त्यामुळे आकडा मोठा असून हिसके जाणवतात. इथेही तेच. मोठा आकडा म्हणजे चांगला आकडा, हा आपल्या डोक्यात भरवलेला भुसा आहे.

तर मंडळी, माझं म्हणणं दोन ओळींत. कमी ताकदीच्या चिपवर कमी रिझोल्यूशननं खेळणं यात कमीपणा काही नाही, ती अक्कल आहे. आणि जो कोणी पिक्सेलचा आकडा ताकद म्हणून विकतो त्याला पुढचे प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: ग्राफिक्स चिप कोणती? रॅम एका चॅनेलवर की दोन? दुसरा स्लॉट आहे का, की सगळं बोर्डावर चिकटवलेलं? आणि हा अमुक गेम या स्क्रीनच्या पूर्ण रिझोल्यूशनवर इथे, माझ्यासमोर चालवून दाखवता का? शेवटच्या प्रश्नाला दुकानदार चहा मागवतो की विषय बदलतो, त्यावरून बाकीचं कळतं.

आपल्यासारख्या फोनवरून सल्ले देणाऱ्यांनाही एक विनंती. गावाकडून असा फोन आला तर मीटिंगमधून बाहेर या. समोरच्या माणसाच्या हातात एका हंगामाचे पैसे असतात, आणि तुमच्या "हो"वर तो ते काउंटरवर ठेवणार असतो. माझ्या दहा सेकंदांची भरपाई एका जुन्या पट्टीवर भागली, हे नशीब. रॅम बोर्डावर चिकटवलेली असती तर काय करणार होतो?

लॅपटॉप विकायचं रद्द झालं आहे. काल रात्री पोराचा फोन होता. म्हटलं, काय रे, चालतो ना गेम? तर म्हणाला, "गेम चालते दादा. पन बाबा रोज संध्याकाळी मांगतात. सातबारा मोठा करून वाचाले."

ता. क. : सातबारा पूर्ण रिझोल्यूशनवरच वाचावा. तिथे पाव चालत नाही.